वाढली

त्या उन्हाळ्यात अवसरी बुद्रुकला वीज सकाळी साडेनऊला यायची आणि दीडला जायची. म्हणून सोमाजी गुरुजींच्या घरातल्या कॉम्प्युटरचा बॅकअप सकाळी दहाला चाले. असली कामं माणसं झोपल्यावर उरकायची असतात, असं प्रज्ञाने पुस्तकात वाचलं होतं. पण ते पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावात भारनियमन नसावं.

साल दोन हजार आठ. प्रज्ञा मंचरच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती. पुढचं ठरेपर्यंत तिने गुरुजींचं काम अंगावर घेतलं होतं. गुरुजी धनगराच्या घरातले पहिले शिकलेले. बाप, भाऊ, चुलते मेंढरांमागे कोकणात उतरत तेव्हा हे शाळेत फळा पुसत. पण मेंढरं डोक्यातून गेली नाहीत. पंधरा-वीस वर्षं त्यांनी टेपरेकॉर्डर घेऊन मेंढक्यांच्या हाका, ओव्या, मेंढ्यांची नावं, घाटांच्या वाटा असं सगळं गोळा केलं. एकशे अठ्ठेचाळीस कॅसेटी. फिती इतक्या ठिसूळ झालेल्या की कित्येक एकदाच वाजत आणि दुसऱ्यांदा लावल्या की आत गुरफटून तुटत. प्रज्ञा एकेक कॅसेट वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घेई. रोज दहाला त्या सगळ्या फाइलींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर होई.

सत्त्याऐंशी नंबरची कॅसेट वाजवायची होती त्या दिवशी गुरुजी उठून अंगणात गेले. कॅसेटवर पेनने लिहिलं होतं, ‘हाक. दिवाळीनंतर, १९९४.’ त्या सकाळी त्यांची बायको म्हाळसाबाई दिराच्या वाड्याबरोबर, म्हणजे मेंढक्यांच्या तांड्याबरोबर, मेंढरं घेऊन कोकणात निघाली होती, आणि निघता निघता गुरुजींनी तिची हाक टेप केली होती. पुढच्या वैशाखात वाडा परतीला लागला. माळशेज चढताना तिला ताप भरला आणि घाटाच्या माथ्यावरच ती गेली. गुरुजी तेव्हा इथे पेपर तपासत होते. निरोप तिसऱ्या दिवशी आला.

कॅसेट एकदा वाजली, तीन मिनिटं चाळीस सेकंद, आणि काढताना फीत तुटली. आता म्हाळसाबाईंचा आवाज जगात त्या एका फाइलीत आणि तिच्या नकलेत होता.

“उतरला?” गुरुजींनी अंगणातूनच विचारलं.

“उतरला. ऐकता?”

“आता नको. हाय न्हवं तिथं? मग झालं.”

रोज ‘हाय न्हवं’ एवढंच त्यांना पाहिजे असे. म्हणून प्रज्ञाने स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकामागून एक करायला सांगितलेल्या कामांची यादी. बॅकअपचा प्रोग्रॅम बदललेल्या प्रत्येक फाइलीमागे एक ओळ छापतो. ओळीच्या सुरुवातीला अक्षरांच्या आणि टिंबांच्या खुणा, मग फाइलीचं नाव. प्रज्ञाची स्क्रिप्ट त्या खुणा वाचायची, कॅसेटचा नंबर ओळखायची आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसेल अशा ठळक मराठीत पडद्यावर मांडायची: नवीन, वाढली, घटली, हटवली. काहीच बदललं नसेल तर, ‘सगळं जागच्या जागी आहे.’ गुरुजी ते वाक्य वाचत आणि मगच चहा घेत.

दोन मेला प्रज्ञा अकराच्या सुमारास गेली तेव्हा गुरुजी पायरीवर बसले होते. शेजारी चहावर साय धरलेली.

“गुरुजी, चहा गार झालाय.”

“आसू दे.” ते समोरच्या बाभळीकडे बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “तुजी काय चूक न्हाई, बाळ. यंत्रच हाय ते.”

“काय झालं?”

त्यांनी नुसतं आत बोट दाखवलं. पडद्यावर एकच ओळ होती.

‘८७. हाक — वाढली.’

“मग?” प्रज्ञा बाहेर येऊन म्हणाली. “वाढली म्हणजे मोठी झाली, गुरुजी. फाइलीचा आकार मोठा झाला.”

“मोठी?” गुरुजींनी मान वर केली. “गेली न्हाई?”

“गेली असती तर हटवली म्हणून आलं असतं.”

“अगं, आमच्यात मीठ संपलं म्हणत न्हाईत, वाढलं म्हणत्यात. बाईची बांगडी पिचली तर वाढली म्हणत्यात. मला वाटलं, पोरीनं आमचंच बोलणं शिकीवलं यंत्राला. कळवायचं बी व्हतं अन् दुखवायचं बी नव्हतं.” ते हसले आणि मग त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

प्रज्ञाला हे सुचलंच नव्हतं. तिच्या पणजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्यांच्या घरात शकुन-अपशकुनाचे शब्द उंबऱ्याबाहेर होते. मीठ संपलं की संपलं. तिची आई चिमाबाई तर ‘संपलं’ असं गल्लीला ऐकू जाईल इतकं ठणठणीत म्हणायची. प्रज्ञाने गुरुजींना दुसरा चहा करून दिला. तो ते पिईपर्यंत तिच्या लक्षात आलं की खरा प्रश्न वेगळाच आहे.

फाइल वाढली कशी?

आधी तिला आपल्या स्क्रिप्टचाच संशय आला. एकदा नावात मोकळी जागा आली म्हणून स्क्रिप्टने एका फाइलीच्या दोन केल्या होत्या. म्हणून तिने स्क्रिप्ट बाजूला ठेवली आणि प्रोग्रॅमची मूळ ओळ वाचली. चौथ्या जागी एस हे अक्षर होतं, म्हणजे आकार बदललाय. पाचव्या जागी टी असायला हवा होता, कारण फाइलीवर कोणीही काहीही लिहिलं की तिची वेळ बदलते. तिथे टिंब होतं. फाइल मोठी झाली होती आणि तिच्यावर कोणी लिहिलं नव्हतं.

तिने हिशोब केला. अशा फाइलीत आवाजाचा एक सेकंद म्हणजे अठ्ठ्याऐंशी हजार दोनशे बाइट. वाढ बरोबर चौदा सेकंदांची होती, एक बाइट इकडे नाही की तिकडे नाही. फाइलीच्या माथ्यावर लांबीचा आकडा असतो, तोही नीट बदललेला. डिस्क बिघडली तर कचरा साठतो. कचरा कधी असा मोजूनमापून साठत नाही.

तिने फाइलीवर लिहायची परवानगीच काढून टाकली. दुसऱ्या दिवशी अकरा सेकंद वाढले. मग तिने कॉम्प्युटर बंद केला आणि वायर पिशवीत घालून दोन दिवस आपल्या घरी नेऊन ठेवली. तिसऱ्या दिवशी वायर जोडली, तर पंचवीस सेकंद. तिने वहीत आकडे लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग तिला कळलं की एक गोष्ट करायची ती टाळते आहे. तिने हेडफोन कानाला लावले.

मूळचा आवाज तिच्या ओळखीचा होता. कोंबडा, कुत्रं, मेंढ्यांच्या घंट्या. तरुण गुरुजी म्हणतात, “मार की हाक. लाजती काय?” बाई हसते. “ह्येंचं आपलं कायतरीच.” मग ती हाक, उंच, शेवटी वळण घेतलेली: “हिर्रर्र ये, ये गं चांदे, ये गं काळे...” आणि लांबवरच्या घंट्या वळून जवळ येऊ लागतात. हाका, घंट्या, धूळ उडाल्यासारखा खुरांचा आवाज. तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी गुरुजी बटण दाबतात. खट्.

त्या ‘खट्’नंतर काही असायचं कारण नव्हतं.

वारा होता. उंचावरचा, मोकळा वारा. दगडांवर पावलं, एका माणसाची. मागे घंट्या. कातळावरून पाणी झिरपत असावं तसा बारीक टपटप आवाज. कोणी काही बोलत नव्हतं. नंतरच्या अकरा सेकंदांत वारा कमी झाला होता. त्याच्या पुढच्या पंचवीसमध्ये एक एसटी हॉर्न देत वळणावरून गेली.

प्रज्ञाने हेडफोन काढले. बाहेर साडेअकराचं ऊन होतं आणि गुरुजी तुळशीला पाणी घालत होते. त्यांच्यापासून हे लपवायचं की नाही, याचा तिने विचार केला. पण आवाज त्यांच्या माणसाचा होता, आपला नव्हे.

“गुरुजी,” ती म्हणाली, “हे तुम्हीच ऐका.”

ते ऐकत असताना ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. हाकेला त्यांनी डोळे मिटले. ‘खट्’ला उघडले. मग ते हललेच नाहीत.

“माळशेजचा माथा,” शेवटी ते म्हणाले. “ह्ये पाणी बारा महिने पाझरतं. अन् ही फुटकी घंटी आमच्या मेंढ्याची. कळपाच्या म्होरं आसायचा.” त्यांनी पुन्हा शेवटचा भाग लावायला सांगितला. “हितं वाट खाली उतरती. मढ गावाच्या अंगाला.”

“म्हणजे?”

“म्हंजे इकडं.” ते अगदी साधेपणाने म्हणाले. “येतीया.”

प्रज्ञाने कोण म्हणून विचारलं नाही.

त्यानंतर रोज दहाला बॅकअप, मग दोघं ऐकत. हेडफोन एकच, म्हणून एक कान तिचा आणि एक गुरुजींचा. डोक्याला डोकं लागे. गुरुजी जागा सांगत. पिंपळगाव जोगाच्या धरणावरचा वारा. ओतूरच्या अलीकडचा कालवा. ओतूरला दोन दिवस वाढ झाली ती नुसत्या शांततेची. मेंढरं रवंथ करत होती. “वाघर लावलीया,” गुरुजी म्हणाले. “जाळीत मेंढरं कोंडून बसली आसंल. पाय दुखत्यात तिचे.” प्रज्ञा एका चौकटीच्या कागदावर आडव्या रेघेत तारीख आणि उभ्या रेघेत किलोमीटर मांडत होती. ठिपके जवळजवळ सरळ रेषेत पडत होते. ती रेषा तिने पट्टीने पुढे वाढवली. अवसरीला ती अठरा मेला टेकत होती.

आणि बारा तारखेला गोरक्ष आला.

गोरक्ष गुरुजींचा मुलगा, भोसरीला कारखान्यात होता. डॉक्टरांनी गुरुजींना एकटं ठेवू नका म्हणून सांगितलं होतं. डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं आणि घराची मागची भिंत पावसाळा काढेल अशी नव्हती. घराला कुलूप लावून गुरुजींना घेऊन जायचं कधीचं ठरलं होतं. तो टेम्पो घेऊनच आला होता.

“आबा, चला. भांडी न्यायची न्हाईत. तिकडं हायती.”

“अठराला येतो,” गुरुजी म्हणाले.

“अठराला काय हाय?”

गुरुजींनी प्रज्ञाकडे पाहिलं. त्यांच्या पायाचा अंगठा जमिनीवर रेघा ओढत होता, शाळेत उत्तर न येणाऱ्या पोराचा असतो तसा. सहा दिवसांनी ती दारात येईल आणि दाराला कुलूप असेल, एवढं एकच त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. प्रज्ञा आयुष्यात फारशी खोटं बोलली नव्हती.

“बॅकअप पुरा व्हायचाय, गोरक्षभाऊ,” ती म्हणाली. “मध्येच हलवलं तर सगळं जाईल. अठरापर्यंत लागेल.”

“आठवडा?” गोरक्षने कॉम्प्युटरकडे वाकून पाहिलं. “ह्यो कॉम्प्युटर हाय का अंडी उबवायचं मशीन?”

“जुना आहे हो.”

“आमच्या आबांगत.” तो हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, “त्यात आईची कॅसेट बी हाय ना?”

“आहे. ऐकायची?”

त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. “नको, ताई. म्या शेवटचं ऐकलं ते वरडणं व्हतं. आंघूळ न करता जेवलो म्हणून. तेच ऱ्हाऊ द्या.”

रिकामा टेम्पो परत गेला.

चौदाला नारायणगाव, लांबून ट्रकांचा आवाज. सोळाला कळंब, घोड नदीचं पाणी खुरांखाली. सतराला मंचर. बाजाराचा गलका बाजूने सरकला, पण त्यातलं कोणीही मेंढरांना हाड म्हणालं नाही, की बाईला वाट विचारली नाही. त्या दुपारी गुरुजींनी अंगण झाडलं. पडवीतलं सगळं सामान हलवून मेंढरं बसतील एवढी जागा केली. मग स्वतःशीच ओशाळून त्यातलं निम्मं परत ठेवलं.

अठराला वीज पावणेदहाला आली. एकदा गेली, यूपीएस दोनदा ओरडला, परत आली. उन्हाची तिरीप पडद्यावर पडत होती.

“गुरुजी, दार जरा लोटू का?” प्रज्ञाने विचारलं.

“नको. आसू दे उघडं.”

दहा वाजता बॅकअप झाला.

‘८७. हाक — वाढली.’

एकेचाळीस सेकंद.

डोक्याला डोकं लावून दोघं बसले.

घंट्या. गल्लीतली फरशी. फुटकी घंटी आधी थांबली, मग बाकीच्या एकेक करून थांबल्या.

बोचकं खाली ठेवल्याचा आवाज.

पावलं. आता दगडावर जोडव्यांचा बारीक टिकटिकाट ऐकू येत होता.

पायरी एक. पायरी दोन.

मग पावलं थांबली. पंखा फिरत होता. त्याच्या एका पात्याची खरखर प्रज्ञाच्या ओळखीची होती. तोच पंखा आत्ता तिच्या डोक्यावर फिरत होता.

पंखा थांबला. यूपीएस दोनदा ओरडला. पंखा परत फिरू लागला.

आणि मग थोड्या अंतरावरून, दाराच्या बाजूने ऐकू यावा तसा, तिचा स्वतःचा आवाज आला.

“गुरुजी, दार जरा लोटू का?”

“नको. आसू दे उघडं.”

त्यावर कोणीतरी श्वास सोडला. लांबचं चालून आलेलं माणूस उंबऱ्यावर सोडतं तसा.

फाइल तिथे संपली.

प्रज्ञाने दाराकडे पाहिलं नाही. तिला भीती वाटली नव्हती, असं तिने नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. फक्त मान वळत नव्हती, एवढंच.

गुरुजींनी हेडफोन काढून तिच्या हातात दिला. खाटेवर ते मधोमध बसले होते. ते भिंतीकडे सरकले आणि शेजारची जागा त्यांनी हाताने झटकली.

“गोरक्षाला फोन लाव, बाळ,” ते म्हणाले. “म्हणावं, उद्या ये. निघू.”

गुरुजी भोसरीला गेले. कॉम्प्युटर त्यांनी नेला नाही. “तुझ्याकडंच ठेव, ऱ्हायलेल्या कॅसेटी उतरव,” म्हणाले. प्रज्ञाने तो आपल्या घरी मांडला. जूनच्या पहिल्या आठवड्यात पहिला बॅकअप चालवला, तेव्हा एकच ओळ आली.

‘८७. हाक — घटली.’

तीन मिनिटं चाळीस सेकंद. दोन्ही डिस्कवर तेवढीच. माळशेज नाही, कळंब नाही, उंबरा नाही. तिला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही. मग तिने ती मूळची तीन मिनिटं चाळीस सेकंद ऐकली, आणि लगेच परत सुरुवातीपासून लावली. तिने नक्कल ऐकली. तीही तशीच.

तिने भोसरीला फोन लावला. गुरुजींना सांगायला तिला शब्द सापडेनात. त्यांच्या बायकोचा एकुलता एक आवाज तिच्या हवाली होता.

“गुरुजी, फाइल आहे. सगळं आहे, तुमचा आवाज पण आहे. पण... त्यांचा आवाज नाहीये. हाकच नाहीये. मी अजून शोधते, कदाचित कुठे...”

“शोधू नको, बाळ,” गुरुजी म्हणाले. आवाजात समाधान होतं, पोटभर जेवलेल्या माणसाचं असतं तसं. “तिथं कशी सापडंल?”

मागे कुठेतरी भांड्यावर भांडं वाजलं. घरात गोरक्षची बायको असेल, असं प्रज्ञाला वाटलं. मग गुरुजी म्हणाले, गोरक्ष आणि सूनबाई दोघंही कामावर गेलेत.

फोन ठेवल्यावर तिने ती फाइल आणखी एकदा लावली. आई बाहेर निवडण करत होती, दुपारचं ऊन खिडकीत होतं. कोंबडा, कुत्रं, लांबवर घंट्या. तरुण गुरुजी म्हणाले, “मार की हाक. लाजती काय?”

त्यापुढे हसणं नव्हतं. नुसती फितीची खरखर होती, हाक जेवढी लांब होती तेवढी.

आणि ती खरखर संपायच्या आधीच लांबवरच्या सगळ्या घंट्या एकदम वळल्या आणि जवळ येऊ लागल्या.